आम्हाला येशूजवळ राहायला शिकवा : पाळक आणि वडीलजनांना खुले पत्र

आदरणीय पाळक, वडीलजन, डीकन आणि मंडळीच्या सेवेचा भार वाहणाऱ्या सर्व बंधुभगिनींनो,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

हे पत्र कुणा एका मंडळीवर रोख धरून लिहिलेलं नाही. मी मंडळीतच वाढले. हात जोडून डोळे मिटायला मला मंडळीनेच शिकवलं, आणि आजही रविवारी उपासनेला निघताना माझं मन हलकं होतं. पण एक मागणं कित्येक वर्षं घशाशी येऊन अडतं आहे. ते आज मांडते.

मधला एक खंड सोडला तर बावीस वर्षं मी संडे स्कूलमध्ये शिकवते आहे. गायनमंडळात त्याच्याही आधीपासून. बहिणींच्या सभेचं चिटणीसपद झालं, तरुणांची शिबिरं झाली, आजाऱ्यांच्या भेटी झाल्या, नाताळच्या कार्यक्रमाची धावपळ तर दरवर्षीचीच. कुणी काम सांगितलं आणि मी नाही म्हटलं, असं आठवत नाही. लोक माझ्याबद्दल म्हणत, "त्या प्रभूच्या फार जवळ आहेत." मलाही तसंच वाटायचं.

माझ्या बायबलला खुणेसाठी एक निळी फीत आहे. रोज जिथवर वाचून झालं तिथे ती ठेवायची, ही लहानपणापासूनची सवय. एका शनिवारी रात्री उद्याच्या धड्यासाठी वचन शोधत पानं चाळत होते, तर फीत मधे आली. यिर्मयाच्या पुस्तकात होती. ती उचलली आणि खाली कागदावर तिचा फिकट निळा पट्टा उमटलेला दिसला. अगदी तिच्याच रुंदीचा. असा रंग एका रात्रीत उतरत नाही. मी बोटाने पुसून पाहिला. गेला नाही.

आणि त्या सगळ्या महिन्यांत मी दर आठवड्याला बायबल उघडत होते! धडा घ्यायचा म्हणून, सभेत दोन शब्द बोलायचे म्हणून. दुसऱ्यांना सांगण्यासाठी वाचत होते. मला कुणी काही सांगावं म्हणून वाचत नव्हते. प्रार्थनाही करत होते. सभेच्या सुरुवातीला, सभेच्या शेवटी, आजाऱ्याच्या उशाशी. सगळी चारचौघांतली. एकटीने त्याच्यापुढे शेवटचं कधी बसले होते, ते काही केल्या आठवेना.

लूकच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट मी मुलांना कितीदा तरी सांगितली आहे. बारा वर्षांचा येशू, वल्हांडण सण, यरुशलेम. परतताना योसेफ आणि मरीया एक दिवसाची वाट चालून गेले, तो सोबतच्या लोकांत असेलच असं धरून. मुलांना मी मंदिरातला येशू रंगवून सांगायचे, गुरुजनांमध्ये बसलेला, प्रश्न विचारणारा. त्या रात्री मात्र मी वाटेवरच अडकले. अख्खा एक दिवस! त्या दिवसात काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं. वाट बरोबर होती, सोबत भली होती, सगळे सण पाळून घरी निघाले होते. फक्त तो नव्हता. आणि ही चूक कुणाकडून झाली, तर ज्यांनी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्यांच्याकडून. दिवसभराची ती गफलत, पण तो सापडला तीन दिवसांनी.

माझा तो एक दिवस जवळजवळ वर्षभर चालला होता. सोबतीच्या घोळक्यात कुणालाच त्याचा सुगावा लागला नाही. हजेरीवहीत त्या वर्षी माझ्या नावापुढे एकही रविवार रिकामा नव्हता.

म्हणून माझी तक्रार आहे, आणि ती मी प्रेमाने करते. तुम्ही आम्हाला येशूकडे यायला शिकवलंत, येशूसाठी राबायला शिकवलंत. येशूजवळ राहायला शिकवायचं राहून गेलं.

'राहणे' हे किती साधं क्रियापद आहे. नवी ओळख झाली की आपण पहिल्यांदा विचारतो, कुठे राहता? योहानाच्या शुभवर्तमानात पहिल्या दोन शिष्यांनी येशूला विचारलेला प्रश्न हाच आहे. "रब्बी, आपण कुठे राहता?" त्यांनी शिकवण विचारली नाही, चिन्ह मागितलं नाही. पत्ता विचारला. तो म्हणाला, या म्हणजे पाहाल. ते गेले आणि त्या दिवशी त्याच्याजवळ राहिले. तिथे काय बोलणं झालं, याचा एक शब्दही लिहिलेला नाही. वेळ तेवढी नोंदली आहे : सुमारे दहावा तास. सूर्योदयापासून मोजला तर दुपारचे चार. माणूस आपल्या आयुष्यातली एखादीच घटका अशी घड्याळासकट लक्षात ठेवतो.

मूळ ग्रीकमध्ये तिथे जे क्रियापद आहे, 'मेनो', तेच पुढे पंधराव्या अध्यायात येतं, जिथे येशू म्हणतो, मी खरा द्राक्षवेल आहे आणि तुम्ही फांद्या. चौथ्या वचनापासून दहाव्यापर्यंत दहा वेळा. एकदा बोट ठेवत मोजून पाहा. माझ्यामध्ये राहा, माझ्या प्रीतीत राहा, पुन्हा पुन्हा तेच. येशूला पाहायला झाडावर चढलेल्या जक्कयाला तो खाली बोलावून 'आज मला तुझ्या घरी राहायचं आहे' म्हणतो, तिथेही तेच क्रियापद. पुनरुत्थित येशूला न ओळखता त्याच्याबरोबर अम्माऊस गावाच्या वाटेने चाललेले दोघे शिष्य, दिवस उतरला आहे, आमच्याबरोबर राहा म्हणून आग्रह धरतात, तिथेही तेच. कधी तो म्हणतो मी तुझ्याकडे राहतो, कधी म्हणतो तू माझ्यात राहा. दोन्हीकडून एकच ओढ.

पाहुणा आणि घरचा माणूस यांत फरक असतो. पाहुणा आवरून येतो, बरं तेवढंच बोलतो, वेळ झाली की उठतो. घरच्याला विस्कटलेल्या केसांनी वावरता येतं. रुसता येतं. एकाच खोलीत तासभर न बोलता बसता येतं आणि त्यात काही वावगं वाटत नाही. मी वर्षानुवर्षं येशूकडे पाहुणी म्हणून जात होते. चांगले कपडे घालून, ठरलेल्या वेळी, तोंडपाठ शब्द घेऊन. फांदी काही वेलाला आठवड्यातून एकदा भेटायला जात नाही. ती त्याच्यातच असते, म्हणून तिला पालवी फुटते.

मार्कने बारा प्रेषितांच्या नेमणुकीबद्दल लिहिलं आहे (३:१४), ते वचन मंडळीची कार्यकारिणी निवडताना आपण वाचतो का? त्यांनी त्याच्याबरोबर असावं, आणि त्याने त्यांना संदेश द्यायला पाठवावं, यासाठी नेमणूक झाली. बरोबर असणं आधी, पाठवणं मग. आपल्याकडे हा क्रम उलटला. नवा विश्वासी बाप्तिस्मा घेऊन पुरता सुकतही नाही, तोच त्याच्या हातात काम पडतं. उत्साही आहे, गळा चांगला आहे, मुलांत रमतो, द्या जबाबदारी. त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू आणि प्रभू दोघंच असता तेव्हा काय चालतं?

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, इफिसच्या मंडळीला लिहिलेलं पत्र मला आता वाचवत नाही, इतकं ते आपलं वाटतं. किती कौतुक आहे त्यात! त्यांची कृत्यं, श्रम, धीर. खोट्या प्रेषितांना त्यांनी पारखून काढलं. त्याच्या नावासाठी सोसलं आणि खचले नाहीत. कुठल्याही वार्षिक अहवालात शोभेल अशी ही यादी. आणि मग ते एक वाक्य, तू आपली पहिली प्रीती सोडली आहेस. 'दाराशी उभा राहून ठोकतो आहे' हे वचनही आपण नेहमी बाहेरच्यांसाठी वापरतो, सुवार्तेच्या पत्रकांवर छापतो. मुळात ते लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलेलं आहे. दाराआड मंडळी होती.

आता थोडं घरचं सांगते, कारण राहणं म्हणजे काय ते मला उपदेशातून कळलं नाही.

माझी आई शेवटची दीड वर्षं अंथरुणाला खिळून होती. माझी सगळी सेवा सुटली. संडे स्कूल, गायन, सभा, सगळं. घरात आम्ही दोघीच. रात्री तीनच्या सुमारास तिला कूस बदलून द्यावी लागे आणि बहुतेक वेळा चादरही. आजाऱ्याच्या अंगाखालची चादर बदलायला खरं तर दोन माणसं लागतात. एकाने माणूस आपल्याकडे वळवून धरायचा, दुसऱ्याने जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळत न्यायची आणि तिच्यामागोमाग नवी अंथरायची. मग माणूस त्या उंचवट्यावरून पलीकडे घ्यायचा आणि उरलेली बाजू ओढून काढायची. मी एकटी. आई हलकी झाली होती, तरी घाबरायची, पलंगाची कड घट्ट धरायची. पहिल्या एक-दोन रात्री मी रडले. मग एका रात्री तोंडातून निघालं, "प्रभू, तू त्या बाजूने धर."

तेवढीच प्रार्थना. सुरुवात नाही, स्तुती नाही, आमेन नाही. पण माझ्या आजवरच्या सगळ्या प्रार्थनांत मी त्याला पहिल्यांदाच खोलीत आहे असं समजून हाक मारली होती. पुढे रोज रात्री तेच वाक्य. नंतर दिवसाही बोलायला लागले. औषधं मोजताना, धुणं वाळत घालताना, दाराची कडी लावताना. काही रात्री नुसती चिडचिड असायची. तीही त्याच्यापाशीच केली. आई शांत झोपली की तिच्या पाठीवर हात ठेवून अंधारात बसून राहायचे. न बोलता. त्रेसष्टाव्या स्तोत्रात दावीद अंथरुणावर देवाची आठवण करतो, रात्रीच्या प्रहरी चिंतन करतो. ते स्तोत्र मला पाठ होतं. कळलं तेव्हा.

तो सगळा काळ गोड गेला असं म्हणणार नाही. आईचं दुखणं पाहवत नव्हतं. पण ज्या दीड वर्षात मी मंडळीच्या वहीत गैरहजर होते, त्याच काळात निळी फीत पुन्हा चालायला लागली होती.

त्या दिवसांत मंडळीतून फोन यायचे. आईची चौकशी व्हायची, आणि मनापासून व्हायची. मग, "परत कधी येताय? मुलं वाट पाहतात." त्यात प्रेम होतं, मला ठाऊक आहे. पण दीड वर्षात एकानेही विचारलं नाही की प्रभूशी तुझं कसं चाललं आहे. विचारलं असतं तर मी त्या तीन वाजताच्या वाक्याबद्दल सांगितलं असतं. त्यातून दुसऱ्या कुणाला हात मिळाला असता, कोण जाणे.

यात मी काही नवं शोधलेलं नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू स्वयंपाकघरात राबत. ते काम त्यांना मुळीच आवडत नसे. पुढे ते मठातल्यांच्या चपला दुरुस्त करत. भांड्यांच्या खणखणाटातही देवाशी बोलत राहायचं, हाच त्यांचा नेम. मला त्यांच्यातली दुसरीच गोष्ट जास्त उपयोगी पडली. मधे विसर पडला तर ते त्याचा बाऊ करत नसत. चूक कबूल करायचे आणि जिथे होते तिथूनच पुन्हा बोलायला लागायचे. १६९१ साली ते वारले. आमच्यासारखे विसरभोळे लोक अजून त्यांच्याकडून धीर घेतात.

आणि पंडिता रमाबाई. हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणण्यासाठी ज्यांनी आयुष्याची अखेरची वर्षं वेचली, त्या रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला. आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. एवढ्या विदुषीने, लोकांच्या नजरा आपल्यावर असताना, हे लिहून ठेवावं! मला त्यांच्या पांडित्याइतकंच या कबुलीचं मोल वाटतं. आपल्या व्यासपीठावरून असं वाक्य शेवटचं कधी ऐकू आलं होतं?

तुमच्याकडे पहिलं मागणं तेच आहे. पाळकसाहेब, तुमचे कोरडे दिवस आम्हाला सांगा. तुम्ही नेहमी भरलेल्या घागरीसारखे दिसता आणि आम्ही आमच्या रिकाम्या घागरी पदराआड लपवतो. प्रार्थनेला बसल्यावर तुमचंही मन भरकटतं का? वचन वाचताना कधी अक्षरं नुसतीच डोळ्यांपुढून जातात का? अशा वेळी तुम्ही काय करता? तेवीसाव्या स्तोत्रावर आम्ही पुष्कळ ऐकलं. एखाद्या रविवारी अठ्ठ्याऐंशीवं घ्या. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ज्याला काहीच जाणवत नाही तोही देवाशीच बोलत असतो, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. जाणवण्यालाच जवळीक समजून कितीजण वर्षानुवर्षं स्वतःला नापास करत बसले आहेत.

पहाटेच्या शांत वेळेबद्दलही थोडी दया करा. येशू पहाटे अंधारातच उठून एकांती गेला, मार्कमध्ये आहे, खरं आहे. पण एकदा तो रात्रभर डोंगरावर प्रार्थनेत होता, आणि एकदा लोकांना निरोप दिल्यावर संध्याकाळी एकटा वर गेला. त्याने घड्याळ बांधून दिलं नाही. तान्ह्या बाळाची आई, रात्रपाळी करून परतलेला माणूस, दुखण्याने डोळा न लागणारा म्हातारा, यांच्यावर पहाटेचा नियम लादला की ते दोषी चेहऱ्याने मागच्या बाकावर बसतात. त्यांना त्यांच्याच दिवसात जागा शोधून द्या. बसच्या रांगेत उभं असताना एक वचन मनात घोळवायला शिकवा. झोपण्याआधी दिवस त्याच्यापुढे उलगडून ठेवायला शिकवा : इथे तू होतास, इथे मी तुला विसरले, इथे मी वाईट बोलले. पाच मिनिटं लागतात.

आणि उपासनेत थोडी शांतता ठेवा. गीत संपलं की घोषणा, घोषणा संपली की प्रार्थना, प्रार्थना संपली की संगीत. एक क्षण रिकामा गेला की आपण अस्वस्थ होतो. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर हातात घेतली की मागचा पुढे सरकायची वाट पाहत असतो. त्या एका घटकेला तरी घाई नको. आम्ही तिथे त्याच्या मेजाशी बसलो आहोत.

ज्यांच्याकडे फार कामं आहेत त्यांची एक-दोन काढून घ्या. ती व्यक्ती रागावेल. मी रागावले असते. तरी काढून घ्या. घरी आलेल्या येशूच्या पाहुणचारात मार्था गुंतली होती, तिला त्याने सेवेबद्दल बोल लावला नाही. तिची काळजी आणि दगदग त्याच्या डोळ्यांना दिसली, आणि त्याने तिला दोनदा नावाने हाक मारली. "मार्था, मार्था." आमच्याकडे तशा नजरेने पाहणारं कुणी हवं आहे.

एक गोष्ट माझ्याही बाजूची सांगायला हवी, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. जवळ राहणं म्हणजे मिटल्या डोळ्यांनी सुखात बसणं, असा माझा समज होऊ लागला होता. पण योहानाच्या त्याच पंधराव्या अध्यायात येशू म्हणतो, माझ्या आज्ञा पाळाल तर माझ्या प्रीतीत राहाल. गायनमंडळातल्या एका बहिणीशी माझा अबोला होता, सहा-सात महिन्यांचा. तेवढे दिवस प्रार्थनेला बसलं की तिचा चेहरा मधे यायचा. मी तो बाजूला सारायची आणि तो पुन्हा यायचा. शेवटी तिच्या घरी गेले. दहा मिनिटंही लागली नाहीत. त्या रात्री प्रार्थनेत मधे कुणी आलं नाही.

शेवटी, तुमच्याचसाठी एक. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदा येतो. पहिल्यांदा मुख्य याजकाच्या अंगणात, जिथे येशूचा शिष्य पेत्र शेकत उभा राहिला आणि 'तू त्याचा शिष्य ना?' या प्रश्नाला तीनदा नाही म्हणाला. लूक सांगतो की तिथवर तो येशूच्या मागे दुरून दुरून आला होता. दुसऱ्यांदा तिबिर्याच्या समुद्राच्या काठी, पुनरुत्थित प्रभूने स्वतः पेटवलेला, वर मासळी आणि भाकर. आधी तो म्हणाला, या, न्याहारी करा. खाणं झाल्यावर तीन प्रश्न. किती जणांना सुवार्ता सांगितलीस हे त्यात नव्हतं. का नाकारलंस, हेही नव्हतं. तू माझ्यावर प्रीती करतोस काय? मेंढरं त्याच्या हवाली केली ती या प्रश्नानंतर. पाळकहो, तुमच्यातही कुणी दुरून दुरून चालत असेल. आमच्या घरांच्या भेटी, लग्नं, अंत्यविधी, समित्या, भांडणं, या सगळ्यांत तुम्हाला त्या विस्तवाशी बसायला वेळ मिळत नसेल, तर आम्हाला सांगा. एखादी सभा कमी झाली तर आमचं काही अडणार नाही. तुम्ही तिथे बसून आलात की ते तुमच्या आवाजात कळतं. आम्हा मेंढरांना ते कळतं.

उपासना सुटल्यावर तुम्ही दाराशी उभे राहता, प्रत्येकाचा हात हातात घेता आणि विचारता, "काय, बरं आहे ना?" आम्ही म्हणतो, "हो, प्रभूची कृपा." आणि पुढचा माणूस येतो. येत्या रविवारी माझा हात हातात आला की एवढंच विचारा, "या आठवड्यात त्याच्याशी काय बोलणं झालं?" मागे रांग असली तरी विचारा. मी उत्तर तयार करून येणार नाही. जे झालं असेल ते सांगेन, आणि काहीच झालं नसेल तर तेही सांगेन. मग मीही तुम्हाला तेच विचारेन.

आपली ख्रिस्तातील,
संडे स्कूलची एक शिक्षिका